चेहऱ्याचं कूळ पाठीकडे

दात एकसंध दिसतो, पण त्याची कुळं दोन. वरचं चकचकीत एनॅमल तोंडाच्या अस्तरातून तयार होतं. आतलं डेंटिन घडवणाऱ्या पेशी मात्र गर्भाच्या पाठीकडून आलेल्या असतात.

चौथ्या आठवड्यात गर्भाला चेहरा नसतोच. पाठीवर मेंदू आणि मज्जारज्जूची नळी मिटत असते. तिच्या काठावरच्या काही पेशी सुटतात, पुढे येतात आणि तोंडाच्या खळगीभोवतीच्या पाच उंचवट्यांत भरतात. कपाळाकडचा एक, वरच्या जबड्याचे दोन, खालच्याचे दोन. सहाव्या-सातव्या आठवड्यात वरचा ओठ सांधला जातो. टाळूला अधिक वेळ लागतो. तिचे दोन पडदे आधी जिभेच्या दोन्ही बाजूंना उभे लोंबत असतात. जीभ खाली बसली की ते आडवे होतात आणि मधोमध जुळतात. जुळणी बाराव्या आठवड्याच्या सुमारास पुरी होते. यातली एखादी जुळणी राहून गेली तर ओठ किंवा टाळू दुभंगलेली राहते. त्याचा ठपका आपल्याकडे ग्रहणात भाजी चिरणाऱ्या आईवर ठेवतात, याची मला फार चीड येते. ग्रहणाचा इथे काडीचाही संबंध नाही.

सहाव्या आठवड्यातच तोंडाच्या अस्तराची एक पट्टी जबड्यात उतरते आणि वर दहा, खाली दहा असे दुधाच्या दातांचे अंकुर धरू लागतात.

चेहऱ्यातल्या पेशींचं पाठीकडचं हे कूळ ज्युलिया प्लॅट या अमेरिकन संशोधिकेने ओळखलं. नेक्ट्युरस नावाच्या, अंगाबाहेर कल्ले असलेल्या उभयचराच्या भ्रूणांचे पातळ छेद ती सूक्ष्मदर्शकाखाली पाहत होती. पेशींतल्या बलकाच्या कणांवरून तिने त्यांचा माग काढला आणि १८९३ मध्ये लिहिलं, की डोक्यातली कूर्चा गर्भाच्या बाहेरच्या थरातून, म्हणजे पाठीवरची ती नळी ज्यातून बनते त्याच थरातून येते. तेव्हाचा सिद्धांत ठाम होता: हाडं आणि कूर्चा मधल्या थराची, बाहेरच्या थराची फक्त त्वचा आणि मज्जासंस्था. मोठमोठ्या शास्त्रज्ञांनी तिचं म्हणणं झिडकारलं.

१८९८ मध्ये तिने जर्मनीतल्या फ्रायबुर्ग विद्यापीठातून डॉक्टरेट मिळवली, तरी विद्यापीठात नोकरी मिळाली नाही. पुढे ती कॅलिफोर्नियातल्या पॅसिफिक ग्रोव्हमध्ये राहिली, १९३१ मध्ये तिथली महापौर झाली आणि किनाऱ्यावरच्या सागरी जीवांना संरक्षण मिळवून दिलं. १९३५ मध्ये ती वारली. स्वीडनच्या हर्स्टाडियस आणि सेलमन यांनी उभयचरांच्या भ्रूणांवर प्रयोग करून तिचं म्हणणं पक्कं केलं, ते त्यानंतर, १९४०च्या दशकात.

आज हे नातं दवाखान्यातही उपयोगी पडतं. ट्रीचर कॉलिन्स नावाच्या विकारात गालाची हाडं, खालचा जबडा आणि कान यांची घडण एकत्र बिघडते, कधी टाळूही दुभंगते. वरवर हे वेगवेगळे अवयव. पण त्यांची हाडं, कूर्चा रचणाऱ्या पेशी त्याच पाठीकडच्या, आणि या विकारात त्याच कमी पडलेल्या असतात.