शिरगणतीच्या कोष्टकातील निर्वासित

लोकसंख्येचा इतिहास शिकवायचा म्हणजे शिरगणतीची कोष्टके आली, आणि कोष्टके आली की विद्यार्थी जांभया देऊ लागतात. त्यांचा त्यात फारसा दोष नाही. दोन आकड्यांची वजाबाकी करायची, उत्तर आले की पान उलटायचे, असा एकंदर प्रघात आहे. इतिहास मात्र त्या उत्तराच्या पोटात दडलेला असतो.

दिल्लीचेच पाहा ना. 1941 साली दिल्ली प्रांताची वस्ती होती सुमारे 9 लाख 18 हजार; 1951 साली ती 17 लाख 44 हजार झाली. ही सव्वाआठ लाख माणसे आली कोठून? मुले चटकन सांगतात, फाळणीचे निर्वासित. ते बऱ्याच अंशी खरे आहे. 1951 च्या शिरगणतीत दिल्लीत जवळजवळ 5 लाख विस्थापित नोंदले गेले. पण आता धर्माचा रकाना उघडा. 1941 मध्ये दिल्लीत शंभरांत तेहतीस मुसलमान होते. दहा वर्षांनी शंभरांत सहासुद्धा उरले नाहीत. म्हणजे आगगाड्या जशा भरून येत होत्या, तशा भरून जातही होत्या! सप्टेंबर 1947 मध्ये पुराना किल्ला आणि हुमायूनची कबर येथे दिल्लीचेच हजारो रहिवासी आपल्याच शहरात निर्वासित होऊन बसले होते. नुसत्या वजाबाकीत ही माणसे कोठे दिसतात?

दोन्ही देशांची 1951 ची बेरीज मी फळ्यावर मांडतो. भारतात आलेले सुमारे 73 लाख, पाकिस्तानात गेलेले सुमारे 72 लाख. एखादा हुशार मुलगा म्हणतोच, "सर, मग हिशेब जुळला की!" तेथे खडू खाली ठेवून बोलावे लागते. जे वाटेत मारले गेले, छावणीत पटकीने गेले, ते ह्या दोन्ही आकड्यांत नाहीत. मृतांचे अंदाज दोन लाखांपासून दहा लाखांपर्यंत, आणि त्याही पलीकडे जातात. हा अंदाज एवढा सैल का, हाच मला वाटते परीक्षेत विचारण्याजोगा प्रश्न आहे. अर्थात तो कोणी विचारत नाही, ही गोष्ट निराळी.

आपल्या महाराष्ट्रात तर ह्या धड्यासाठी फार लांब जावे लागत नाही. सिंध 1936 पर्यंत मुंबई इलाख्यातच होता. कराचीतील एका जुन्या शाळेला नारायण जगन्नाथ वैद्य ह्या मराठी शिक्षणाधिकाऱ्याचे नाव आहे. पंजाब आणि बंगाल यांचे तुकडे झाले, सिंधचा झाला नाही; तो सबंध पाकिस्तानात गेला. तरीही तेथील पुष्कळ हिंदू काही महिने थांबून होते. जानेवारी 1948 मध्ये कराचीत दंगल उसळली आणि मुंबईच्या आगबोटींना गर्दी लोटली. कल्याणजवळ महायुद्धातली रिकामी लष्करी छावणी होती. तिच्या बराकींत ही कुटुंबे राहिली, आणि 8 ऑगस्ट 1949 रोजी तिचे नाव उल्हासनगर झाले. रिक्षावाल्याला मात्र आजही 'कॅम्प तीन', 'कॅम्प चार' असेच सांगावे लागते.

तुम्ही शिक्षक असाल तर ह्या भागातील मुलांना एक काम देऊन पाहा. घरी विचारून या : कोणत्या साली आलात, बोटीने की गाडीने, मागे कोण राहिले? उत्तरे बहुधा तुटक येतात. ज्यांना आठवते ते त्या वेळी लहान होते, आणि मोठ्यांनी सांगितलेले नसते. कागद सापडला तर तो अरबी लिपीतल्या सिंधीत असतो. पणजोबांची अक्षरे पणतीला लागत नाहीत. एका वर्षी एका विद्यार्थिनीने असा कागद आणला. कॉलनीतल्या एका वृद्ध बाईंकडून तो वाचून घेतला, तर ती कराचीच्या घरात राहिलेल्या सामानाची यादी निघाली. ती वाचून झाल्यावर मागच्या बाकावरून प्रश्न आला, "मग त्या घरात नंतर कोण राहायला गेले?"

कराचीची वस्ती 1941 साली साडेचार लाखांच्या आत होती आणि दहा वर्षांत ती दहा लाखांवर गेली. पुढचा सबंध तास आम्ही त्याच कोष्टकावर घालवला.