दर्शन आणि प्रमाण : तनुचंचू कर्ल्यूच्या अखेरच्या नोंदी

सागरतीरी एखादा दुर्मिळ पक्षी दिसला, एवढ्याने त्याची नोंद इतिहासात रुजू होत नाही. दर्शन आणि प्रमाण यांच्यामधील अंतर कसे कापावयाचे, हा प्रश्न इतिहासाप्रमाणेच पक्षिशास्त्रापुढेही उभा आहे. तनुचंचू कर्ल्यू या पक्ष्याच्या अखेरच्या नोंदी या दृष्टीने उद्बोधक आहेत.

व्हिएयो या फ्रेंच पंडिताने १८१७ मध्ये या पक्ष्याचे शास्त्रीय वर्णन केले. त्याने दिलेल्या 'टेन्युइरोस्ट्रिस' या नावाचा अर्थ 'बारीक चोचीचा' असा होय. त्यातील लॅटिन 'टेन्युइस' हा शब्द संस्कृत 'तनु' या शब्दाचा सगोत्र आहे. सायबेरियाकडून भूमध्य सागराच्या परिसरात हिवाळ्यासाठी येणाऱ्या या पक्ष्याची घरटी मात्र फारच थोड्यांनी पाहिली. त्यासंबंधीच्या नोंदी विसाव्या शतकाच्या पहिल्या पावशतकातील असून त्या उशाकोव्ह याने तारा या गावाच्या परिसरात केलेल्या आहेत.

मोरोक्कोतील मेर्जा झेर्गा या खाजणात फेब्रुवारी १९९५ मध्ये हा पक्षी दिसला. ही त्याची शेवटची निर्विवाद नोंद होय. तथापि मे १९९८ मध्ये इंग्लंडच्या नॉर्दम्बरलंड परगण्यात, ड्रुरिज उपसागराच्या काठी, अनेक निरीक्षकांनी एक कर्ल्यू पाहिला आणि तो याच जातीचा असल्याचे प्रतिपादन केले. तो पक्षी आदल्या वर्षीच जन्मलेला असावा, असे त्याच्या पिसाऱ्यावरून मानले गेले. या निष्कर्षाचे महत्त्व उघड आहे : तो खरा असेल, तर १९९७ मध्ये कोठेतरी या जातीचे घरटे नांदत होते, असे ठरते. ती नोंद प्रथम स्वीकारली गेली. परंतु सुमारे दीड दशकाने फेरतपासणी होऊन ती ब्रिटिश यादीतून वगळण्यात आली. पक्षी सामान्य कर्ल्यू नव्हताच, असे निःसंशय म्हणता येईना, हे त्याचे कारण.

हाती आलेला नमुना दर्शनापेक्षा श्रेष्ठ, असा युक्तिवाद येथे संभवतो. पण १९६२ मध्ये 'ब्रिटिश बर्ड्‌स' या मासिकाने हेस्टिंग्ज परिसरातील १८९२ ते १९३० या काळातील दुर्मिळ पक्ष्यांच्या अनेक नोंदी संशयास्पद ठरविल्या, तेव्हा त्यांत पेंढा भरलेले प्रत्यक्ष नमुनेही होते. पक्षी खरे होते. ते तेथेच मिळाले, हे विधान मात्र विश्वासार्ह नव्हते. सारांश, नमुना जातीची साक्ष देतो, स्थळाची देत नाही.

ऑक्टोबर २०२५ मध्ये आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघाने ही जात नामशेष झाल्याचे घोषित केले. नोंदी जितक्या विरळ, तितका एकेका नोंदीचा भार अधिक. ड्रुरिजची नोंद वगळताच या जातीच्या ज्ञात अस्तित्वाची कालमर्यादा मागे सरकते. यास्तव अशा नोंदीची चिकित्सा हा केवळ तांत्रिक काटेकोरपणा नव्हे. एका जातीच्या अंताचा काळ तीवरच ठरत असतो.