महाराष्ट्रातील कृषिपंपांचे सौर ऊर्जीकरण

महाराष्ट्रातील कृषिपंपांचे सौर ऊर्जीकरण म्हणजे सिंचनासाठी वापरली जाणारी, प्रामुख्याने कोळशापासून तयार होणारी वीज टप्प्याटप्प्याने बदलून तिच्या जागी सौर वीज आणण्याची प्रक्रिया होय. ही प्रक्रिया दोन मार्गांनी होते: शेतात स्वतंत्र सौरपंप बसवणे आणि कृषी वाहिन्यांना सौर प्रकल्पांतून वीज पुरवणे.

पार्श्वभूमी

राज्यात कृषिपंपांना चक्राकार पद्धतीने काही दिवस दिवसा, तर काही दिवस रात्री वीज मिळत असे. रात्री पिकांना पाणी देताना साप, विंचू आणि वन्य प्राण्यांचा धोका असल्याने दिवसा वीज मिळावी, ही शेतकऱ्यांची जुनी मागणी आहे. शेतीच्या सवलतीच्या वीजदराचा काही भार औद्योगिक ग्राहक व राज्य शासन उचलतात.

औष्णिक केंद्रांना कोळशाबरोबर पाणीही मोठ्या प्रमाणात लागते. बीड जिल्ह्यातील परळी औष्णिक विद्युत केंद्र जुलै २०१५ मध्ये दुष्काळामुळे पाण्याअभावी बंद ठेवावे लागले होते.

योजना

* मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना: २०१७ मध्ये सुरू झाली. उपकेंद्राजवळ सौर प्रकल्प उभारून त्याची वीज कृषी वाहिनीस दिली जाते. शेतकऱ्याला जुनाच पंप वापरता येतो. २०२३ मध्ये योजनेचा दुसरा टप्पा जाहीर झाला. त्यात भाडेपट्ट्याने दिलेल्या जमिनीसाठी हेक्टरी वार्षिक किमान १,२५,००० रुपये भाडे व त्यात दरवर्षी ३ टक्के वाढ अशी तरतूद आहे.
* पीएम-कुसुम: २०१९ मध्ये सुरू झालेली केंद्र शासनाची योजना.
* मागेल त्याला सौर कृषिपंप: २०२४ मधील राज्य योजना. सर्वसाधारण शेतकऱ्याचा हिस्सा १० टक्के, तर अनुसूचित जाती-जमातींच्या शेतकऱ्याचा ५ टक्के असतो. अडीच एकरांपर्यंत ३, पाच एकरांपर्यंत ५ आणि त्याहून अधिक क्षेत्रासाठी ७.५ अश्वशक्तीचा पंप मिळतो.

जालना जिल्ह्यातील संदर्भ

समर्थ रामदासांचे जन्मस्थान असलेले जांब समर्थ हे गाव घनसावंगी तालुक्यात आहे. जालना जिल्ह्यात कापूस आणि मोसंबी ही महत्त्वाची पिके आहेत. मोसंबीच्या बागांना उन्हाळ्यात पाण्याची गरज वाढते. सौरपंपासाठी लागणारे ऊनही याच काळात भरपूर असते. सिंचनाची वेळ दिवसा ठेवता येत असल्याने विजेचा साठा करण्यासाठी महागड्या बॅटऱ्यांची गरज भासत नाही. याउलट, जालन्यातील पोलाद कारखान्यांच्या भट्ट्यांना रात्रीही वीज लागते. त्यामुळे कोळशाला पर्याय देणे शेतीत तुलनेने सोपे, तर अशा उद्योगांत अवघड ठरते.

मर्यादा

ढगाळ हवामानात स्वतंत्र सौरपंपाची क्षमता घटते. खोल कूपनलिकांतून कमी पाणी मिळते. सिंचन नसताना अशा पंपाची वीज सहसा वाया जाते. वाहिनीशी जोडलेल्या प्रकल्पाची शिल्लक वीज मात्र इतर ग्राहकांना देता येते.

भूजलाचा प्रश्न अधिक गंभीर आहे. पंप बसवल्यानंतर पाणी उपसण्याचा खर्च जवळजवळ शून्य होत असल्याने अतिउपशाची शक्यता वाढते. मराठवाड्यासारख्या अवर्षणप्रवण प्रदेशात ठिबक सिंचन, पीकनिवड आणि भूजल पुनर्भरण यांची जोड नसल्यास वीज उपलब्ध असूनही विहीर कोरडी पडू शकते.

हेही पहा

* सौर ऊर्जा
* जालना जिल्हा
* परळी औष्णिक विद्युत केंद्र