आर्नोकाठची छत्री

फ्लॉरेन्सला गेलेला प्रवासी आर्नो नदी पाहतो ती बहुधा पोन्ते वेक्योवरून. १३४५ साली बांधलेला हा पूल, त्यावरची सोनारांची दुकाने, खाली संथ मातकट पाणी. आम्हीही तिथे तासभर रेंगाळलो. पण वडोद्याहून निघतानाच आमचे ठरले होते की चित्रे थोडी कमी पाहिली तरी चालतील, छत्रपतींच्या छत्रीपर्यंत मात्र जायचेच. म्हणून नदीच्या उजव्या काठाने, प्रवाहाच्या दिशेने चालत सुटलो.

कोल्हापूरचे छत्रपती राजाराम महाराज (दुसरे) १८७० साली युरोपच्या दौऱ्यावर गेले, तेव्हा जेमतेम विशीत होते. इंग्लंडमध्ये व्हिक्टोरिया राणीची भेट झाली. दौऱ्यात ते इंग्रजीत रोजनिशी लिहीत. ती पुढे कॅप्टन वेस्ट यांनी १८७२ मध्ये प्रसिद्ध केली. परतीच्या वाटेवर महाराजांची प्रकृती बिघडली आणि ३० नोव्हेंबर १८७० रोजी फ्लॉरेन्समधल्या एका हॉटेलात त्यांचे निधन झाले.

बरोबरच्या मंडळींवर काय प्रसंग ओढवला असेल! फ्लॉरेन्स तेव्हा इटलीची राजधानी, देश कॅथलिक, आणि प्रेत पुरण्याखेरीज दुसरी रीत लोकांना ठाऊक नाही. मिलानमध्ये अल्बर्टो केलर यांचे दहन झाले आणि इटलीत आधुनिक दहनाची सुरुवात झाली ती १८७६ साली. त्याला अजून पाच वर्षे अवकाश होता. तरीही नगराधिकाऱ्यांनी खास परवानगी दिली. काशिने उद्यानाच्या पार टोकाला, मुन्योने हा ओढा आर्नोला मिळतो तिथे, रात्रीच्या अंधारात चिता रचली गेली. परक्या मुलखात, नोव्हेंबरच्या थंडीत या लोकांनी जागा शोधली तीही संगमाची. प्रयाग चिखलीच्या संगमाशी नाते असलेल्या कोल्हापूरकरांना दुसरे काय सुचणार?

१८७४ मध्ये त्याच जागी स्मारक उभे राहिले. फेटा बांधलेला महाराजांचा रंगवलेला अर्धपुतळा चार्ल्स फुलर या शिल्पकाराचा. वरची छत्री मेजर चार्ल्स मँट यांची. हे नाव वाचून आम्ही थबकलोच, कारण कोल्हापूरचा नवा राजवाडा आणि आपला लक्ष्मीविलास पॅलेस यांचे आराखडे याच मँटसाहेबांचे. लक्ष्मीविलास पुरा होण्याआधी, १८८१ मध्ये, ते वारले आणि उरलेले काम चिझम यांनी केले. ज्या महालावरून आपण रोज ये-जा करतो, त्याच्या आधीची त्याच हाताची कमान आर्नोकाठी पाहायला मिळेल, असे कुणाला वाटले होते?

गंमत म्हणा की खंत, फ्लॉरेन्सकरांच्या तोंडी महाराजांचे नाव नाही. स्मारक म्हणजे नुसते ‘इंदियानो’, म्हणजे भारतीय. शेजारून आर्नो ओलांडणारा तारांनी तोललेला पूल १९७८ मध्ये झाला, त्याचेही नाव ‘पोन्ते आल्लिंदियानो’, भारतीयाचा पूल. इकडे कोल्हापुरात राजाराम कॉलेज महाराजांच्या नावाने उभे आहे. पण त्या आवारातल्या किती मुलांना ही छत्री ठाऊक असेल?

कुत्र्याला फिरवणाऱ्या एका आजोबांना आम्ही वाट विचारली होती. ‘इंदियानो’ म्हणताच ते थेट छत्रीपर्यंत आले. हा इंदियानो कोण, हे मात्र त्यांना सांगता येईना. आम्ही नाव सांगितले. त्यांनी ते दोनदा म्हणून पाहिले. दुसऱ्या खेपेला ‘राजाराम’ अगदी स्वच्छ आले.