नागपूरचे डॉ. चोळकर आणि चीनला गेलेलें पथक

स्वदेशावरील निष्ठा आणि मानवजातीविषयींचें कर्तव्य यांपैकीं एकाला जवळ करावें तर दुसरें दुरावतें, अशी पुष्कळांची समजूत असते. पारतंत्र्यांत असलेल्या हिंदुस्थानापुढें हा प्रश्न १९३८ सालीं अगदीं रोखठोक स्वरूपांत उभा राहिला. आणि त्याच्या उत्तरांत नागपूरच्या एका डॉक्टरांचें नांव गुंतलेलें आहे.

जुलै १९३७ मध्यें जपाननें चीनवर उघड चढाई केली. त्याच वर्षाच्या अखेरीस चिनी साम्यवादी फौजेचे सेनापति चू तेह यांनीं पंडित जवाहरलाल नेहरूंना पत्र लिहून वैद्यकीय साहाय्य मागितलें. पुढील वर्षीं काँग्रेसचे अध्यक्ष सुभाषचंद्र बोस यांनीं जनतेस आवाहन केलें. ७ ते ९ जुलै हे दिवस चीन-निधीसाठीं पाळण्यांत आले व सुमारें २२,००० रुपये जमले. त्यांतून पांच डॉक्टरांचें पथक सिद्ध झालें. स्पेनच्या यादवी युद्धांत शुश्रूषा करून आलेले डॉ. अटल हे त्याचे नेते, नागपूरचे डॉ. चोळकर हे उपनेते व सर्वांत वडील, सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस, आणि डॉ. बसू व डॉ. मुखर्जी हे इतर तिघे.

नागपूर तेव्हां मध्यप्रांत व वऱ्हाडची राजधानी होतें. त्याच जुलैमध्यें डॉ. ना. भा. खरे यांच्या मंत्रिमंडळाचा पेच उद्भवला, त्यांना पायउतार व्हावें लागलें, आणि पंडित रविशंकर शुक्ल यांच्या हातीं कारभार आला. प्रांताचें राजकारण असें ढवळून निघालें असतां त्याच शहरांतील एक प्रौढ डॉक्टर परक्या देशाच्या रणभूमीवर जाण्यास निघाले.

आक्षेप सहज सुचणारा आहे. जेथें आपल्याच खेड्यापाड्यांत औषधपाण्यावांचून माणसें मरतात, त्या देशानें आपले डॉक्टर चीनला कां धाडावे? घरचें झालें थोडें अन् व्याह्यानें धाडलें घोडें, असाच हा प्रकार नव्हे काय? आक्षेप खोटा नाहीं. पण तो अपुरा आहे. हिंदी मनुष्य चीनला यापूर्वीं गेला नव्हता असें नाहीं. अफूच्या पहिल्या युद्धांत तो गेला, १९०० सालीं बॉक्सर बंडाच्या वेळीं गेला, १९२७ सालीं शांघायला गेला. परंतु प्रत्येक वेळीं इंग्रजांच्या हुकुमानें आणि खांद्यावर बंदूक घेऊन. १९२७ च्या मद्रास अधिवेशनांत काँग्रेसनें याचा निषेध केला होता. १९३८ सालीं मात्र हिंदी जनतेनें स्वतःच्या वर्गणीनें व स्वतःच्या इच्छेनें आपलीं माणसें पाठविलीं. कोणाचें साहाय्य करावयाचें हें स्वतः ठरविणें, हा स्वातंत्र्याचाच एक भाग होय. तो हक्क या देशानें राज्य मिळण्यापूर्वीं नऊ वर्षें बजावला.

१ सप्टेंबर १९३८ रोजीं पथकानें मुंबई सोडली. कँटन, हँको, चुंगकिंग अशीं ठिकाणें घेत तें फेब्रुवारी १९३९ मध्यें येनानला पोहोंचलें. चीनमध्यें पांचही जणांनीं आपल्या चिनी नांवाच्या शेवटीं ‘हुआ’, म्हणजे चीन, हें अक्षर जोडून घेतलें. डॉ. चोळकर व डॉ. मुखर्जी १९३९ सालींच परतले, डॉ. अटल पुढच्या वर्षीं आले, डॉ. बसू १९४३ पर्यंत राहिले. कोटणिसांना वडिलांच्या निधनाची वार्ता चीनमध्येंच कळली; तरी ते परतले नाहींत. १९४१ सालीं ते डॉ. बेथ्यून यांच्या नांवाच्या रुग्णालयाचे प्रमुख झाले, आणि ९ डिसेंबर १९४२ रोजीं, वयाच्या बत्तिसाव्या वर्षीं, तेथेंच निवर्तले.

कोटणिसांवर शांतारामांनीं १९४६ सालीं चित्रपट काढला. चोळकरांची आठवण त्या मानानें थोड्यांना आहे. पण परोपकाराची कसोटी मरणानेंच लागते असें नाहीं. ज्याला घर, वय व शरीर यांच्या मर्यादा आहेत, त्यानें त्या मर्यादेंत जें दिलें तेंही खरें दान होय.

१९६२ सालीं हिंदुस्थान व चीन यांच्यांतच युद्ध झालें. तेव्हां १९३८ चें साहस व्यर्थ ठरलें काय? तें पथक एखाद्या सरकारचें कायमचें मित्रत्व विकत घेण्यास गेलें नव्हतें. जखमी माणसांवर उपचार करण्यास गेलें होतें, आणि तें काम त्यानें केलें. चोळकर चीनहून परतले ते नागपूरकर म्हणूनच. चिनी नांव घेतल्यानें त्यांचें हिंदीपण उणें झालें नाहीं.