खुराक आणि औषध

सेवाग्राम ज्या जिल्ह्यात आहे तेथील श्रोत्यांपुढे उत्तेजक औषधांचा विषय काढला, की आता साधनशुचितेवर प्रवचन ऐकावे लागणार, असे त्यांना वाटणे साहजिक आहे. ते काम अधिकारी पुरुषांचे. आम्हांला बोलावयाचे आहे ते पहिलवानाच्या खुराकाविषयी.

तालमीतला पोर दूध, तूप, बदाम, थंडाई यांवर वाढतो. वस्तादांनी पुढे केलेल्या पेल्यात काय आहे, हे तो विचारीत नाही. विचारणे हाच अविनय. या विश्वासावर आपली कुस्ती पोसली. १९५२ साली हेलसिंकीला कांस्यपदक मिळविणारे खाशाबा जाधव याच मातीतले. पुढे दोनच वर्षांनी व्हिएन्नाच्या जागतिक भारोत्तोलन स्पर्धेत, रशियन खेळाडू टेस्टॉस्टेरॉन हे पुरुषी संप्रेरक घेतात, ही गोष्ट अमेरिकन संघाचे डॉक्टर झीग्लर यांच्या कानी आली. १९५८ साली सिबा कंपनीने मेथँडिएनोनची गोळी डायनाबॉल या नावाने अमेरिकेत विक्रीस आणली. खंगलेल्या रोग्याचे मांस भरून यावे म्हणून निघालेले औषध धडधाकटांच्या ताटात गेले! बाहेरून आयते मिळू लागले की शरीर स्वतःचे संप्रेरक करणे थांबविते. वृषणे आकसतात, यकृत बिघडते. ऑलिंपिकात या औषधांची तपासणी आली ती १९७६ साली, माँट्रियलला.

हेच मेथँडिएनोन २०१६ साली आपल्या दाराशी आले. तीनदा महाराष्ट्र केसरी झालेले नरसिंग यादव रिओ ऑलिंपिकच्या तयारीत असता, हरियाणातील सोनिपतच्या शिबिरात घेतलेल्या नमुन्यात ते सापडले. आपल्या खाण्यापिण्यात कोणीतरी ते कालविले, असे त्यांचे म्हणणे. राष्ट्रीय उत्तेजकविरोधी संस्थेच्या समितीने १ ऑगस्टला ते मान्य केले. १८ ऑगस्टला, कुस्तीच्या आदल्या दिवशी, रिओत बसलेल्या क्रीडा लवादाने तो निर्णय फिरविला: गोळ्या जाणूनबुजून घेतल्या असण्याचाच संभव अधिक, चार वर्षे बंदी.

खरे काय, याचा निवाडा आम्ही काय करणार? पण नियम ध्यानात घ्या. अंगात जे सापडेल त्याचा जाब मल्लानेच द्यावयाचा. दुसऱ्याने घातले म्हणणाऱ्याने ते सिद्ध करावयाचे. नियम निष्ठुर खरा. पण तो नसता, तर प्रत्येक जण आचाऱ्याकडे बोट दाखविता. मग पेल्यात काय आहे, हे विचारणे अविनय कसे? आता तर दुधात डब्यातली भुकटी पडते, आणि डब्यावर लिहिलेलेच आत असते असे नाही. पोराने विचारले, तर वस्तादांनी रागावू नये, डबा दाखवावा.

नरसिंग यादवांची बंदी २०२० साली संपली व ते पुन्हा कुस्तीत उतरले. तोवर त्यांनी तिशी ओलांडली होती.