कंपमान तारेचा वाद

कंपमान तारेचा वाद : दोन्ही टोकांना घट्ट बांधलेली तार छेडली असता ती कोणकोणते आकार धारण करीत कंप पावते, या प्रश्नावरून अठराव्या शतकात यूरोपातील अग्रगण्य गणितज्ञांमध्ये झालेला दीर्घकालीन मतभेद. तारेवरील व स्थितिस्थापक माध्यमांतील तरंगांच्या गणितीय सिद्धांताचा पाया या वादातच घातला गेला. वादाचे मूळ एका साध्या गोष्टीत होते. बोटाने ओढून धरलेल्या तारेला ओढल्याच्या ठिकाणी एक कोपरा पडतो आणि तरंगाचे समीकरण नेमके त्या कोपऱ्यावर अर्थहीन होते.

पूर्वपीठिका : तारेची लांबी निम्मी केली असता स्वर एका सप्तकाने चढतो, हे प्राचीन ग्रीकांना ठाऊक होते. मारँ मेर्सेन (१५८८–१६४८) या फ्रेंच धर्मगुरूंनी १६३६ मध्ये यासंबंधीचे पूर्ण नियम प्रसिद्ध केले. त्यांनुसार तारेची कंप्रता (दर सेकंदास होणाऱ्या कंपनांची संख्या) लांबीच्या व्यस्त प्रमाणात, ताणाच्या वर्गमुळाच्या सम प्रमाणात आणि एकक लांबीतील द्रव्यमानाच्या वर्गमुळाच्या व्यस्त प्रमाणात असते. उदा., दर मीटरला १ ग्रॅम द्रव्यमान असलेल्या तारेवर ९० न्यूटन ताण दिल्यास तीवरून तरंग दर सेकंदास ३०० मी. वेगाने जातो. अशी ७५ सेंमी. लांबीची तार दर सेकंदास २०० कंपने करते.

हे नियम प्रयोगसिद्ध होते. गतिशास्त्रावरून त्यांची उपपत्ती देण्याचा यशस्वी प्रयत्न ब्रुक टेलर (१६८५–१७३१) या इंग्रज गणितज्ञांनी १७१३ मध्ये केला. तारेच्या लहान भागास मूळ जागी आणणारी प्रेरणा त्या भागाच्या वक्रतेच्या प्रमाणात असते, हे त्यांनी ओळखले. मात्र तार कशीही छेडली, तरी ती लवकरच ज्या-वक्राचा आकार घेते, असे त्यांचे मत होते.

वादाचे स्वरूप : झां ल राँ दालांबेर (१७१७–८३) यांनी १७४७ साली बर्लिन अकादमीसाठी लिहिलेल्या निबंधात तारेच्या गतीचे आंशिक अवकल समीकरण मांडले व त्याचा व्यापक निर्वाह दिला. तारेची कोणतीही गती म्हणजे आपापला आकार न बदलता परस्परविरुद्ध दिशांना जाणाऱ्या दोन तरंगांची बेरीज होय, असा त्याचा आशय आहे. तथापि समीकरणात वक्रतेचे मापन करणारा दुसरा अवकलज येत असल्याने तारेचा प्रारंभिक आकार एकाच बैजिक सूत्राने व्यक्त होणारा व कोपरा नसलेला असलाच पाहिजे, असा दालांबेर यांचा आग्रह होता. म्हणजे वादक प्रत्यक्ष छेडतो ती तारच या सिद्धांताच्या कक्षेबाहेर राहिली.

लेओनार्ट ऑयलर (१७०७–८३) यांनी १७४८ मध्ये याला हरकत घेतली. तारेला हाताने कोणताही आकार देता येतो आणि सोडल्यावर ती कंप पावतेच. तेव्हा मुक्तहस्ते काढलेला वक्रही ग्राह्य मानला पाहिजे, असे त्यांनी प्रतिपादिले. डॅन्येल बेर्नुली (१७००–८२) यांनी १७५३ मध्ये तिसरी भूमिका घेतली. एकाच तारेतून मूळ स्वर व त्याचे अनेक प्रसंवादी स्वर एकदम ऐकू येतात. म्हणून तारेचा कोणताही आकार अनंत ज्या-वक्रांच्या बेरजेने मिळतो, असे त्यांचे मत होते. ज्या-फलने आवर्ती असतात, मग ती कोणत्याही वक्राचे वर्णन कसे करू शकतील, असा ऑयलर यांचा आक्षेप होता. तो दालांबेर यांनाही मान्य होता. झोझेफ ल्वी लाग्रांझ (१७३६–१८१३) यांनी १७५९ मध्ये वजनरहित दोऱ्यात समान अंतरांवर ओवलेल्या मण्यांचा विचार करून व मण्यांची संख्या अनंतापर्यंत वाढवून ऑयलर यांच्या मताला पुष्टी दिली. परंतु सांत संख्येवरून अनंताकडे जाण्याची त्यांची रीतही वादग्रस्त ठरली.

निराकरण : प्रश्नाची उकल उष्णतेच्या अभ्यासातून झाली. झोझेफ फूर्ये (१७६८–१८३०) यांनी १८०७ च्या निबंधात व १८२२ च्या ग्रंथात विवक्षित अंतरालातील स्वेच्छ फलन त्रिकोणमितीय श्रेढीने मांडण्याची रीत दिली. दोन सूत्रे एखाद्या अंतरालात जुळली, तरी त्याबाहेर ती जुळलीच पाहिजेत असे नाही, हे यामुळे स्पष्ट झाले आणि ऑयलर यांच्या आक्षेपातील बळ गेले. उदा., मध्यावर ओढून सोडलेल्या तारेच्या श्रेढीत फक्त विषम प्रसंवादी येतात. तिसऱ्याचा परमप्रसर पहिल्याच्या १/९, पाचव्याचा १/२५ असतो आणि या सर्वांच्या बेरजेतून तो तीक्ष्ण कोपरा अचूक उभा राहतो. अशा श्रेढीच्या अभिसारितेची काटेकोर सिद्धता पेटर गुस्टाफ लजन डीरिक्ले (१८०५–५९) यांनी १८२९ मध्ये दिली. फलनाची आधुनिक संकल्पना, रीमान यांची समाकलाची व्याख्या (१८५४) आणि कँटर यांचा संच सिद्धांत यांची मुळे या श्रेढींच्या अभ्यासात आहेत.

कोपऱ्याचे प्रत्यक्ष दर्शन : छेडलेल्या तारेचा कोपरा सोडताच दोन कोपऱ्यांत विभागतो. ते विरुद्ध दिशांना धावतात व त्यांच्यामधील तार सरळ राहते. गजाने वाजविलेल्या तारेवर एकच कोपरा टोकापासून टोकापर्यंत फेऱ्या घालतो, हे हेल्महोल्ट्स (१८२१–९४) यांनी कंपन-सूक्ष्मदर्शकाच्या साहाय्याने दाखविले आणि १८६३ च्या आपल्या ग्रंथात विशद केले. चंद्रशेखर व्यंकट रामन (१८८८–१९७०) यांनी कलकत्ता येथे या गतीचा विस्तृत सिद्धांत १९१८ मध्ये प्रसिद्ध केला. ज्या प्रसंवादीचा निस्पंद छेडण्याच्या बिंदूवर येतो तो स्वरात नसतो, हा टॉमस यंग यांचा नियम तंबोऱ्याला लागू पडत नाही, असे रामन यांनी १९२१ मध्ये निदर्शनास आणले. तंबोऱ्याच्या रुंद व किंचित बहिर्गोल घोडीला तार कंप पावताना वारंवार स्पर्श करते, हे त्याचे कारण होय. मिरजेचे कारागीर तार व घोडी यांमध्ये दोरा सरकवून जवारी लावतात, तेव्हा याच स्पर्शाचे नियमन होत असते.

महत्त्व : हा प्रश्न तारेपुरता मर्यादित नाही. भूकंपाचा तरंग खडकातून जाताना तरंगमुखाच्या पुढील खडक स्थिर व मागील गतिमान असतो. हाही एक प्रकारचा कोपराच होय. दालांबेर यांचा निर्बंध पाळला असता, तर अशा तरंगमुखाचे वर्णन करता आले नसते. सबोल्येफ यांनी १९३० नंतरच्या दशकात व लॉरां श्वार्ट्‌स यांनी १९४० नंतरच्या दशकात व्यापकीकृत फलनांचा सिद्धांत उभारल्यावर कोपरा असलेला निर्वाहही समीकरणाचे खऱ्या अर्थाने समाधान करतो, असे म्हणता येऊ लागले. असे असले, तरी दालांबेर यांची शंका निराधार नव्हती. खऱ्या तारेला थोडा ताठरपणा असतो. त्यामुळे तिचा कोपरा काहीसा गोलसर असतो व तिचे उच्च प्रसंवादी अपेक्षेपेक्षा किंचित चढे असतात. तीक्ष्ण कोपरा ही आदर्श तारेची कल्पना आहे. तिला गणितात स्थान मिळवून देण्यास मात्र सु. २०० वर्षे लागली.